एडिसन आणि विजेचा हिशेब

बऱ्हाणपूरला इतवाऱ्यातील आमच्या घरी विजेचे बिल आले की वाद ठरलेला. वडील पंख्यांना बोल लावतात, आई टी.व्ही.ला, आणि आजी सरळ मीटरलाच खोटे ठरविते. असा वाद मीटरच्या जन्मापासूनचा आहे, हे मला थॉमस अल्वा एडिसनचे चरित्र वाचताना कळले.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, मिलान या गावी झाला. शाळेत तो काही महिनेच टिकला. पुढे आईनेच त्याला शिकविले. आगगाडीत वर्तमानपत्रे विकणारा हा मुलगा तारमास्तर कसा झाला, ते सर्वांना ठाऊक आहे. १८६९ साली त्याने पहिले पेटंट घेतले, ते विधिमंडळातील मते झटपट मोजणाऱ्या यंत्राचे. ते कोणी घेतले नाही. पुढाऱ्यांना एवढी झटपट मोजणी नकोच होती!

१८७९ साली त्याचा दिवा यशस्वी झाला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून वीजपुरवठा सुरू झाला. पण वीज मोजून कशी द्यायची? एडिसनने जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात जस्ताच्या दोन पट्ट्या बुडविल्या. प्रवाहाचा अल्पसा अंश त्यांतून जाई आणि एका पट्टीवरील जस्त दुसरीवर जाऊन बसे. ठराविक काळाने पट्ट्यांचे वजन करून बिल आकारीत. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरमध्येच एक दिवा ठेवलेला असे. ग्राहकाला मात्र त्यातून काहीच वाचता येत नसे, आणि संशय तेथेच शिरला.

धनाढ्य पेढीवाला जे. पी. मॉर्गन याने एडिसनच्या उद्योगात पैसा घातला होता. तरी मीटरवर त्याचा विश्वास नव्हता. एडिसन पुढे ही हकीकत सांगत असे. मॉर्गनच्या कचेरीत प्रत्येक दिव्यापाशी एक कार्ड टांगले. दिवा केव्हा लावला, केव्हा मालवला, हे कारकुनांनी त्यावर लिहावयाचे. महिनाअखेर कार्डांची बेरीज आणि बिल जुळेना. अखेर एडिसनने स्वतः चौकशी केली. कचेरी सुटल्यावर झाडलोट करणारा माणूस दिवे लावून काम करी. त्याची नोंद कोणत्याच कार्डावर नव्हती. ती धरताच हिशेब जुळला.

एडिसनचा मीटर एकदिश प्रवाहापुरताच होता. प्रत्यावर्ती प्रवाहाला त्याने हट्टाने विरोध केला आणि त्यात तो हरला. फिरत्या चकतीचे मीटर आले, त्याचे मागे पडले. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी तो वारला.

मॉर्गनच्या कार्डांचे काम आता घरगुती वीज-मॉनिटर करतो. मुख्य तारेभोवती त्याचा चिमटा बसविला की त्या क्षणी किती वॅट खर्च होत आहेत ते दिसते. एकेक उपकरण चालू-बंद करून पाहावे. २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. ९ वॅटच्या दिव्याला तेवढ्यासाठी १११ तास लागतात. आमच्याकडे रात्री सर्व बंद असतानाही आकडा खाली येईना. वडील बॅटरी घेऊन गच्चीवर गेले. टाकी भरून वाहत होती आणि पाण्याची मोटार चालूच होती.