लोणीचे विठ्ठलराव

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी आढेवेढेच घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मग मनात आले, ज्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते विठ्ठलराव विखे पाटील तर चौथीपर्यंतच शिकलेले होते!

गवशाच्या कारखान्याला ऊस घालणारी घरे आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. शेतकऱ्यांनीच भाग घेऊन कारखाना काढायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. परंतु ती प्रथम घालून देताना काय सोसावे लागले असेल, ते आपण विसरतो.

विठ्ठलरावांचा जन्म १२ ऑगस्ट १८९७ रोजी, नारळी पौर्णिमेला, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील लोणी बुद्रुक येथे झाला. प्रवरेच्या कालव्याचे पाणी आले, ऊस झाला, पण शेतकऱ्याच्या मानेवरचे सावकाराचे जू काही उतरले नाही. गूळ करावा तर भाव पडे. खासगी साखर कंपन्या शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन ऊस लावीत आणि मालक बांधावर उभा राही. विठ्ठलरावांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली.

१९४५ साली बेलापूर रोड येथे, म्हणजे आताच्या श्रीरामपुरात, बागाइतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्राचे पंडित धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी स्वतःच कारखाना काढावा, हा विचार तेथे पक्का होत गेला. नंतरचे काम विठ्ठलरावांचे. गावोगाव हिंडून भाग गोळा करायचे. कर्जात बुडालेल्या माणसाकडे, अजून न उभ्या राहिलेल्या कारखान्यासाठी पैसे मागायचे! आपण मंडळाची वर्गणी मागायला जातो तेव्हा दारातूनच काय काय ऐकावे लागते, ते आठवून पाहा. त्या वेळचे मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ मिळाले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेचा कारखाना सुरू झाला.

मला सर्वांत विशेष वाटते ते पुढेच. राबणारे विठ्ठलराव, पण अध्यक्षपद त्यांनी गाडगिळांना दिले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. हिशेब जाणणारा, पक्षपात न करणारा माणूस वर असला म्हणजे सभासदांचा विश्वास बसेल, हे त्यांनी ओळखले होते. अशी दहा वर्षे गेली. त्यानंतर ते अध्यक्ष झाले. खुर्चीवरून आपल्याकडे किती रुसवेफुगवे होतात, ते मी वेगळे सांगायला नको. मागे एकदा मीही रुसून चार महिने सभेला आले नव्हते.

१९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पंडित नेहरूही त्याच वर्षी प्रवरानगरला येऊन गेले. १९६४ साली तेथे निवासी शाळा निघाली. २७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलराव वारले. त्यांचा जन्मदिवस म्हणून नारळी पौर्णिमा राज्यात शेतकरी दिन म्हणून पाळतात.

हे लिहिताना ट्रंकेतला आमचा भागाचा दाखला काढून पाहिला. तो सासऱ्यांच्या नावाचा आहे. ऊस लावायला, भांगलायला आम्ही बायका, पण दाखल्यावर आमच्यापैकी एकीचेही नाव नाही. यंदा तो विषय मी घरात काढणार आहे.