सोलापूरहून गेलेला डॉक्टर

रमजानच्या पानावर डॉ. द्वारकानाथ कोटणीस कशाला, असा प्रश्न एखाद्या वाचकाला पडेल. मलाही आधी पडला होता. पण रोजाच्या दिवसांत दुसऱ्याच्या भुकेची, दुसऱ्याच्या दुखण्याची गोष्ट निघतेच, आणि ती निघाली की मला हा सोलापूरचा माणूस आठवतो. शिवाय या गोष्टीत आपल्या नागपूरचेही एक डॉक्टर आहेत, त्यांना आपण जवळजवळ विसरलोच आहोत.

आंबागडचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या काळात राजा खान पठाणाने तो बांधला. त्याच बख्त बुलंदाने नागपूर वसवलं. त्या नागपुरातले डॉ. एम. चोळकर १९३८ साली पन्नाशी कधीच ओलांडून बसले होते. आपण ज्या वयात औषधाचा डबा उशाशी ठेवतो, त्या वयात ते औषधांच्या पेट्या घेऊन चीनच्या युद्धात निघाले. बरोबर चार जण होते: स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख, कलकत्त्याचे डॉ. बिजय बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस.

जपानने १९३७ मध्ये चीनवर चढाई केली होती. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी देशाला आवाहन केलं, गावोगावी 'चीन दिन' पाळून पैसा जमवला गेला. आपला देश स्वतःच गुलाम होता, तरी दुसऱ्यासाठी झोळी फिरली. ही रीत नवीनही नव्हती. १९१२ साली बाल्कन युद्धात जखमी झालेल्या तुर्की सैनिकांसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हिंदुस्थानातून असंच वैद्यकीय पथक घेऊन गेले होते.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. वडील शांताराम कोटणीस गिरणीत नोकरीला, घरात भावंडं बरीच, पैसा बेताचा. सोलापूर हे गिरण्यांचं गाव, सगळ्या जातीधर्मांच्या कामगारांचं. १९३० साली तिथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचे. आपल्या गावच्या त्या चार नावांचा त्यांच्या मनावर किती परिणाम झाला याचा हिशेब कुणी मांडलेला नाही, पण वीस वर्षांच्या मुलाला अशी सकाळ विसरता येत नाही, एवढं मी म्हणेन.

मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढच्या परीक्षेची तयारी चालू असतानाच पथकाची बातमी आली. शिकवून मोठा केलेला मुलगा आता घराला हात देईल, अशी आशा कुठल्याही बापाला असते. इथे वडिलांनी मुलाला जाऊ दिलं. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने पाचही जण मुंबईहून निघाले. ठरलेला काळ साधारण एक वर्षाचा.

हाँगकाँग, कँटन, हँकाव, चुंगकिंग असा त्यांचा प्रवास झाला. चुंगकिंगमध्ये पाचांनाही चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावामागे 'हुआ' जोडलं गेलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. याच सुमारास सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली.

इथे मी नेहमी थबकतो. घरी आई, लहान भावंडं, कमावतं माणूस गेलेलं. परत जाण्याला कुणीही नाव ठेवलं नसतं, उलट न जाण्यालाच ठेवलं असतं. बरोबरच्यांनीही त्यांना जायला सांगितलं. ते गेले नाहीत. हा निर्णय बरोबर होता का? मला अजून ठरवता येत नाही. सोलापूरच्या त्या घराने काय सोसलं असेल, हेही या गोष्टीत धरलं पाहिजे. मुलाच्या मोठेपणाची अर्धी किंमत घरानेच भरली.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. डोंगर कोरून केलेल्या गुहांत तिथे माणसं राहत, दवाखानाही तसाच. चोळकर आणि मुखर्जी त्या वर्षी परतले, मग आजारी पडलेले अटल. राहिले बसू आणि कोटणीस. दोघे उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. तिथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले.

१९४० मध्ये जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम झाली. त्यात कोटणीस यांनी तेरा दिवसांत आठशेच्या आसपास जखमी हाताखालून घातले. एकदा तर तीन दिवस-रात्र झोपच नाही. भूल देण्याच्या औषधापासून पट्टीच्या कापडापर्यंत सगळ्याचा तुटवडा. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. तोवर चिनी भाषा ते बोलत, वाचत, तिच्यातच विद्यार्थ्यांना शिकवत. शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तकही त्यांनी चिनीत लिहायला घेतलं.

क्वो चिंगलान ही तिथली परिचारिका. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन. दोन देश एका पाळण्यात.

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडते. कोटणीसांना फिटचा आजार जडला होता. झटके येत, थांबत, पुन्हा येत. उपचारासाठी आघाडी सोडून जावं असा आग्रह त्यांना झाला, पण त्यांनी मानला नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सूट आहे, नंतर भरून काढा एवढंच सांगणं आहे. कोटणीस आजारी होते आणि घरापासून हजारो मैल दूर प्रवासातही होते. त्यांनी स्वतःला कसलीच सूट दिली नाही. लोक याला त्याग म्हणतात, तो आहेच. पण मला वाटतं त्यांनी ती सूट घ्यायला हवी होती. चांगला डॉक्टर जगला तर आणखी हजार माणसं जगतात, आणि साडेतीन महिन्यांच्या मुलालाही बाप लागतो.

९ डिसेंबर १९४२ रोजी हपेई प्रांतातल्या गेगोंग गावी, झटक्यांतच, त्यांचं निधन झालं. वय बत्तीस.

बसू मायदेशी परतले. पुढे त्यांनीच अ‍ॅक्युपंक्चरची उपचारपद्धती आपल्याकडे आणली. कोटणीसांची कहाणी लिहिली ती पानिपतच्या ख्वाजा अहमद अब्बास यांनी. तिच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. सोलापूरच्या हिंदू डॉक्टराची गोष्ट एका मुसलमान लेखकाने सांगावी आणि ती मराठी माणसाने हिंदुस्थानीत पडद्यावर आणावी, हे त्या काळी कुणाला विशेष वाटलं नव्हतं.

यिनहुआ बापासारखाच वैद्यकीय शिक्षण घेत होता. ते पुरं होण्याआधीच १९६७ मध्ये, पंचविशीच्या आत, तो वारला. क्वो चिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. नवऱ्याच्या माणसांना भेटायला त्या भारतात येत राहिल्या. २०१२ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घराचं स्मारक लोकांसाठी खुलं झालं.

कोटणीसांची कबर शिजियाच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे, बेथून यांच्या कबरीजवळ. पूर्वजांच्या कबरी झाडून पुसून फुलं वाहण्याचा चिनी लोकांचा एक सण वसंतात येतो. त्या दिवशी या कबरीवरही फुलं असतात.