दोन्ही घरांना जवळचा माणूस : जेम्स अशर

आजचं वाचन : योहान १७:२०-२३



आपण सर्वांनी एक व्हावं म्हणून प्रभूने केलेली प्रार्थना वाचताना आज मला आर्चबिशप जेम्स अशर आठवले. जगाची निर्मिती ख्रि. पू. ४००४ मध्ये झाली असं गणित मांडणारे, एवढीच त्यांची ओळख आपल्याला असते. पण त्यांच्या आयुष्यात याहून मोठं काहीतरी आहे.

अशर यांचा जन्म १५८१ साली डब्लिनमध्ये झाला. १६१५ मध्ये आयर्लंडच्या अँग्लिकन मंडळीने १०४ कलमांचा विश्वासांगीकार स्वीकारला. तो लिहिण्यात मोठा वाटा अशर यांचा मानला जातो. इंग्लंडची ३९ कलमं त्रैक्य देवापासून सुरू होतात, पवित्र शास्त्राचा विषय सहाव्या कलमात येतो. आयरिश कलमं शास्त्रापासूनच सुरू होतात. ३९ कलमं जीवनासाठी झालेल्या निवडीबद्दल बोलून थांबतात. आयरिश कलमं त्यापुढे जाऊन, कोणाची निवड झाली नाही त्याबद्दलही बोलतात.

पुढे १६४६ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार तयार झाला. प्रेस्बिटेरियन मंडळ्या आजही तो मानतात. त्याचीही सुरुवात शास्त्रापासून होते आणि तिसरा अध्याय देवाच्या सनातन संकल्पाचा आहे, अगदी आयरिश कलमांसारखाच. म्हणजे एका अँग्लिकनाचं काम प्रेस्बिटेरियनांच्या पायात गेलं! मोठा फरक उरला तो कारभाराचा. ३९ कलमांत बिशपांच्या दीक्षेसाठी वेगळं कलम आहे. वेस्टमिन्स्टरमध्ये बिशपांना जागाच नाही.

त्या सभेचं बोलावणं अशर यांनाही होतं. ते गेले नाहीत, कारण राजाच्या संमतीशिवाय भरलेली सभा त्यांना मान्य नव्हती. १६४१ च्या सुमारास त्यांनी एक तोडगा मात्र सुचवला होता : बिशप राहू द्या, पण त्याने एकट्याने नाही, तर पाळकांच्या सभेसोबत कारभार करावा. तो तेव्हा कोणी अमलात आणला नाही. यादवी युद्ध पेटलं. १६४९ मध्ये राजाला मृत्युदंड दिला जात असताना, एका घराच्या छतावरून बघणारे अशर भोवळ येऊन पडले.

१६५६ मध्ये ते वारले. त्यांच्या राजाचा शत्रू क्रॉमवेल, पण त्यानेच त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीत सन्मानाने पुरलं, आणि तेही तेव्हा बंदी असलेल्या अँग्लिकन विधीने. १६६० नंतर प्रेस्बिटेरियनांनीच त्यांचा तोडगा पुढे केला, पण तोही फसला. १६६२ पर्यंत सुमारे २००० पाळकांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या.

आपल्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरेच्या आणि इतर काही मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तिथे बिशपही आहेत आणि सिनडही. माझी आजी स्कॉटिश मिशनची, आजोबा अँग्लिकन. मी त्या एकाच बाकावर वाढलो.

तरी मागच्या आठवड्यात निवडीच्या शिकवणीवरून मी ग्रुपवर एका भावाला तोडून बोललो. मुद्दा माझा बरोबर असेलही. पण अशर यांनी फरक लपवले नाहीत, आणि माणसंही तोडली नाहीत. आज संध्याकाळी त्या भावाला फोन करणार आहे. तुम्हाला कोणाला करायचा आहे?

प्रार्थना : प्रभू, सत्य धरून ठेवायला शिकव, आणि भावाचा हातही. आमेन.