सूर्यकिरणांतील काळ्या रेषा

२१ जुलै १८०१ या दिवशी म्यूनिक शहरात एक घर एकाएकी कोसळले. आरसे बनविणाऱ्या एका कारागिराचे ते घर होते. त्याच्याकडे उमेदवारी करणारा चौदा वर्षांचा एक पोरका मुलगा ढिगाऱ्याखाली गाडला गेला. काही तासांच्या खटपटीनंतर त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. बव्हेरियाचा अधिपती मॅक्सिमिलियन जोसेफ स्वतः त्या ठिकाणी आला होता. त्याने त्या मुलाला अठरा सुवर्णमुद्रा दिल्या. त्या मुलाचे नाव जोसेफ फ्राउनहोफर.

जोसेफचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी श्ट्राउबिंग या गावी झाला. त्याचे वडील काचकाम करीत. वयाच्या अकराव्या वर्षीच तो आईबापांविना उघडा पडला. उमेदवारीत त्याला दिवसभर राबावे लागे. त्याने पुस्तके वाचावीत हे धन्याला मुळीच रुचत नसे. त्यामुळे मिळालेल्या सुवर्णमुद्रा त्याने चैनीत उधळल्या नाहीत. त्यांतून त्याने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उमेदवारीची उरलेली मुदत धन्याकडून सोडवून घेतली. उट्झश्नायडर नावाच्या उदार उद्योजकाने त्याला गणिताची व प्रकाशशास्त्राची पुस्तके पुरविली. १८०६ साली त्याच्याच कारखान्यात जोसेफला काम मिळाले.

उत्तम दुर्बिणीसाठी निर्दोष भिंगे हवीत. त्याकरिता कोणती काच कोणत्या रंगाच्या किरणास किती वळविते, हे अचूक मोजले पाहिजे. परंतु वर्णपटात एक रंग दुसऱ्यात नकळत मिसळतो. मग मोजमाप कोठून करावे? दिव्याच्या ज्योतीच्या वर्णपटात फ्राउनहोफरला एक ठळक तेजस्वी रेषा आढळली. तशीच रेषा सूर्यप्रकाशात आहे काय, हे पाहण्यासाठी १८१४ च्या सुमारास त्याने एका बारीक फटीतून आलेला सूर्यकिरण लोलकातून नेऊन दुर्बिणीने न्याहाळला. तेजस्वी रेषेऐवजी त्याला असंख्य काळ्या रेषा दिसल्या!

हा उपकरणाचा दोष असेल काय? त्याने चंद्र व शुक्र यांचा प्रकाश तपासला. तेथेही त्याच रेषा होत्या. व्याधाच्या ताऱ्याच्या प्रकाशात मात्र त्या निराळ्या निघाल्या. तेव्हा त्या रेषांचे मूळ त्या त्या ज्योतीतच असले पाहिजे, हे उघड झाले. त्याने ५७४ रेषांची नोंद केली आणि ठळक रेषांना अक्षरे दिली. मोजमापासाठी त्याला हव्या असलेल्या खुणा निसर्गानेच आखून ठेवल्या होत्या.

विद्यापीठाचे शिक्षण नसलेल्या या कारागिराला विद्वत्सभेत स्थान देण्यास काही सभासदांनी विरोध केला. तथापि त्याचे कार्य झाकले राहिले नाही. त्याला सभासदत्व मिळाले आणि १८२४ साली सरदारकीही मिळाली. परंतु प्रकृती आधीच खालावली होती. ७ जून १८२६ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला. त्या रेषा का पडतात, हे कोडे त्याला अखेरपर्यंत उलगडले नाही.

१८५९ साली किर्खोफ व बुन्सेन यांनी दाखविले, की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. फ्राउनहोफरने ‘सी’ व ‘एफ’ अशी नावे दिलेल्या रेषा हायड्रोजनच्या निघाल्या. १८८५ साली बाल्मर या स्विस शाळामास्तराने हायड्रोजनच्या रेषांमधील गणिती नियम शोधला. १९१३ साली नील्स बोरने त्याचे कारण सांगितले: हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन ठराविक ऊर्जेच्या पायऱ्यांवरच राहू शकतो. वरच्या पायरीवर जाताना तो नेमक्या रंगाचा प्रकाश शोषतो. म्हणून वर्णपटात तेथे काळी रेषा उमटते. खाली उतरताना तोच प्रकाश तो बाहेर टाकतो. पुढे बोरच्या कल्पनेत पुष्कळ बदल झाले, पण ऊर्जेच्या पायऱ्या कायम राहिल्या.

अशा रीतीने, भिंगे चोख व्हावीत म्हणून एका कारागिराने चिकाटीने मोजलेल्या रेषांनी ताऱ्यांची घटना आणि अणूचे अंतरंग ही दोन्ही मनुष्यास वाचता येऊ लागली. हाती घेतलेले काम अचूक करावे, एवढाच त्याचा ध्यास होता. त्यातूनच विज्ञानाला एक नवी लिपी लाभली.