राजा रविवर्मा: मळवलीतून घराघरांत गेलेला ‘फोटो’

देवघरातल्या छापील लक्ष्मीला आपण सर्रास ‘फोटो’ म्हणतो. खरं तर ते छापलेलं चित्र. अशी चित्रं घरोघरी नेण्यात मोठा वाटा राजा रविवर्मा यांचा.

जन्म १८४८, त्रावणकोरमधलं किळीमानूर. तैलचित्रांमुळे राजेरजवाड्यांत त्यांचं नाव झालं. पण तैलचित्र एकच, तेही राजवाड्यात. बाकीच्यांनी बघायचं कसं? म्हणून १८९४ मध्ये त्यांनी भावाच्या मदतीने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला आला. लोहगडला जाताना आपण लोकलमधून उतरतो, तेच मळवली.

तंत्र होतं शिळाछपाई. सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. तेलकट शाई ओल्या जागी बसत नाही, फक्त रेघांवर बसते. वर कागद दाबला की छाप तयार! प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणजे एडिटिंग ॲपमधल्या लेयरसारखं. एक लेयर जरा सरकला की देवीचा चेहरा बिघडलाच.

धंदा मात्र जमला नाही. कर्ज वाढलं आणि छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. १९०६ मध्ये रविवर्मा गेले, तरी मळवलीत छपाई चालूच राहिली. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली. पण तोवर प्रती गावोगावच्या भिंतींवर पोचल्या होत्या.

आजीकडे जुनी तसबीर असेल तर तिच्या खालच्या कडेला बघा. बारीक अक्षरांत ‘कार्ला-लोणावळा’ सापडलं, तर ती इथलीच.