क्रेडे आणि न आलेले अंधत्व

एकोणिसाव्या शतकात युरोपातील अंधशाळांमधून मुलांच्या अंधत्वाची कारणे पद्धतशीरपणे नोंदविली जाऊ लागली, तेव्हा एक विदारक सत्य पुढे आले. जन्मांध म्हणून या शाळांत दाखल झालेली पुष्कळ मुले वास्तविक जन्मतः डोळस होती. जन्मानंतर दोन-चार दिवसांतच त्यांच्या पापण्या सुजल्या, डोळ्यांतून पू वाहू लागला, बुबुळांवर व्रण पडले आणि आईचा चेहरा ओळखू येण्यापूर्वीच त्यांची दृष्टी गेली. कित्येक अंधशाळांत अशा मुलांचे प्रमाण चौथाईहून अधिक भरे. या मुलांच्या नशिबी आलेला अंधार टाळता येण्याजोगा आहे हे ज्याने निर्विवादपणे सिद्ध केले, त्या कार्ल क्रेडे यांचे नाव आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांबाहेर क्वचितच ऐकू येते. त्यांचे चरित्र मात्र केवळ वैद्यांनीच वाचावे असे नाही. सार्वजनिक हिताचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला त्यातून काही घेण्यासारखे आहे.

कार्ल झिगमुंड फ्रांझ क्रेडे यांचा जन्म २३ डिसेंबर १८१९ रोजी बर्लिन येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मुख्यतः बर्लिन येथेच घेतले आणि १८४२ मध्ये डॉक्टरेट संपादन केली. पुढील काही वर्षे तेथील प्रसूतिचिकित्सालयात साहाय्यक म्हणून उमेदवारी केल्यानंतर १८५२ मध्ये बर्लिनच्या सुईण-विद्यालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. पुढील सर्व कार्याची दिशा या पदाने ठरविली, असे म्हणण्यास हरकत नाही. विद्यापीठातील प्राध्यापकाला रोग दिसतो तो रुग्णालयाच्या खाटेवर. सुईणींना शिकविणाऱ्या माणसाला मात्र ज्या घरात डॉक्टरचे पाऊल कधी पडत नाही त्या घरातील बाळंतपणाचाही विचार करावा लागतो.

१८५६ मध्ये लाइपझिग विद्यापीठाने त्यांना प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक आणि प्रसूतिगृहाचे व सुईण-विद्यालयाचे संचालक म्हणून पाचारण केले. तीन दशके त्यांनी तेथे काढली. प्रसूतीनंतर वार पडण्यास विलंब लागला, तर हात आत घालून ती ओढण्याऐवजी पोटावरून गर्भाशय दाबून ती बाहेर काढण्याची त्यांची पद्धत त्या काळी सर्वत्र गाजली. बाळंतिणीच्या शरीरात हात जितका कमी जाईल तितका जंतुसंसर्गाचा धोका कमी, हा त्या पद्धतीचा मोठा लाभ होता. पुढे अधिक चांगल्या पद्धती आल्या आणि ती मागे पडली. १८७० मध्ये सुरू झालेल्या एका प्रतिष्ठित स्त्रीरोगविषयक नियतकालिकाच्या संस्थापक-संपादकांत त्यांची गणना होते. एवढ्यावरच त्यांचे कार्य थांबले असते, तरी ते एक यशस्वी प्राध्यापक ठरले असते. परंतु त्यांच्या प्रसूतिगृहातील नोंदवहीत एक आकडा असा होता की, तो त्यांना स्वस्थ बसू देईना.

तो आकडा नवजात अर्भकांच्या नेत्ररोगाचा होता. १८७४ मध्ये लाइपझिगच्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या अर्भकांपैकी १३.६ टक्के अर्भकांना हा रोग झाला. त्या काळी हे प्रमाण असाधारण मानले जात नसे. प्रसूतीच्या वेळी आईच्या जननमार्गातील परम्याचा संसर्ग बाळाच्या डोळ्यांना होतो, हे बहुतेक जाणकारांना उमगले होते. १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी परम्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काढला आणि या समजुतीला शास्त्रीय आधार मिळाला. म्हणून क्रेडे यांनी आरंभ केला तो मातांपासून. प्रसूतीपूर्वी जननमार्ग जंतुनाशक द्रावणाने धुण्याचा उपक्रम त्यांनी राबविला. रोग काहीसा घटला. १८७७ मध्ये तो ८.३ टक्क्यांवर आला, परंतु नंतरची दोन वर्षे तो नऊ टक्क्यांच्या पुढेच घोटाळत राहिला.

तेव्हा त्यांनी दिशा बदलली. मातेला पूर्णतः निर्जंतुक करता येत नसेल तर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचेच रक्षण करावे, असे त्यांनी ठरविले. ऑक्टोबर १८७९ मध्ये त्यांनी टाकणखाराचे सौम्य द्रावण वापरून पाहिले. त्याने समाधान झाले नाही. डिसेंबरपासून त्यांनी सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण हाती घेतले. हे औषध नवे नव्हते. जडलेल्या नेत्ररोगावर नेत्रवैद्य ते पूर्वीपासून वापरीत असत. नवे होते ते रोग होण्यापूर्वीच, निरोगी डोळ्यांत ते घालण्याचे धाडस.

येथपर्यंतची कथा ही कुशल चिकित्सकाची कथा आहे. ज्या पायरीने क्रेडे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात जाऊन बसले, ती याच्या पुढची आहे. प्रथम हे औषध ज्या मातांना उघडपणे रोग आहे त्यांच्याच बाळांना दिले जाई. ती बाळे सुरक्षित राहिली. परंतु ज्या माता निरोगी समजल्या गेल्या, त्यांच्या काही बाळांचे डोळे मात्र आले. याचा अर्थ स्पष्ट होता. कोणाला धोका आहे आणि कोणाला नाही हे डॉक्टरच्या नजरेला ठरविता येत नव्हते. स्त्रियांमधील परमा पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता लपून राहतो, हे आज आपण जाणतो. १ जून १८८० पासून क्रेडे यांनी निवड करणेच सोडून दिले. प्रसूतिगृहात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचे डोळे साध्या पाण्याने पुसावयाचे आणि काचेच्या कांडीने प्रत्येक डोळ्यात दोन टक्के सिल्व्हर नायट्रेटचा एकच थेंब सोडावयाचा, असा नियम झाला. वर्षअखेरीपर्यंत रोगाचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आले आणि पुढील वर्षांत ते याहूनही खाली गेले. १८८१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि १८८४ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

सर्वांना औषध देण्याच्या या निर्णयाचे सामाजिक मोल त्याच्या वैद्यकीय मोलाहून कमी नाही. त्या काळच्या प्रसूतिगृहांत येणाऱ्या स्त्रिया बहुतांशी गरीब आणि पुष्कळदा अविवाहित असत. निवडक बाळांनाच औषध द्यावयाचे म्हटले, तर तो थेंब म्हणजे आईच्या चारित्र्यावर उमटलेला शिक्का ठरला असता. अनेक जणींनी लज्जेपायी तो नाकारला असता आणि त्याची किंमत बाळाने मोजली असती. नियम सर्वांना सारखा लागू झाला तेव्हा चौकशीचे कारणच उरले नाही. शिवाय ही कृती इतकी सोपी होती की, कोणत्याही सुईणीला ती शिकविता यावी. क्रेडे यांचा थेंब जगभर पसरला तो प्रामुख्याने सुईणींच्या हातांनी. अनेक देशांत तो त्यांच्या कर्तव्यांत समाविष्ट झाला, आणि अमेरिकेतील बहुतेक राज्यांत तर कायद्याने बंधनकारक ठरला. या रोगाविषयी उघडपणे बोलणे असभ्य मानले जात असताना, १९०७ मध्ये हेलन केलर यांनी एका लोकप्रिय महिला मासिकात या अंधत्वाला वाचा फोडली.

या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. सिल्व्हर नायट्रेटने डोळ्यांची आग होते. बाळाचे डोळे एक-दोन दिवस लाल राहतात. द्रावण चुकून तीव्र झाले तर इजाही होते. क्लॅमिडिया या जंतूवर, जो आज नवजात अर्भकांच्या नेत्रदाहाचे एक प्रमुख कारण आहे, त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. म्हणून कालांतराने त्याची जागा एरिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिन यांच्या मलमांनी किंवा पोव्हिडोन आयोडीनने घेतली. जागतिक आरोग्य संघटना आजही सर्व नवजातांसाठी अशा प्रतिबंधाची शिफारस करते. ब्रिटनमध्ये मात्र तो सरसकट केला जात नाही, आणि गर्भवतींची तपासणी करून वेळीच उपचार करावेत असे मत कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये दिले. जेथे प्रत्येक गर्भवतीची तपासणी होते तेथे हा मार्ग निश्चितच श्रेयस्कर होय. जेथे ती होत नाही, तेथे तो थेंब काढून घेणे म्हणजे १८८० पूर्वीच्या लाइपझिगला परत जाणे होय.

आपल्याकडेही या चरित्रातून बोध घेण्यास जागा आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालणे, चिपडे आली की आईच्या दुधाचे थेंब सोडणे असे उपाय पुष्कळ घरांत अद्याप चालतात. त्यांमागील माया खोटी नसते, परंतु काजळाच्या बोटाबरोबर जंतूही डोळ्यांत जातात. डोळा पांढरा स्वच्छ असून नुसते पाणी वा थोडी चिपडे येत असतील तर अश्रुनलिका पूर्ण उघडलेली नसणे हे कारण बहुधा असते, आणि बहुसंख्य बालकांत वर्षभरात ती आपोआप उघडते. उलट पहिल्या काही आठवड्यांत पापण्या सुजल्या, डोळा लाल झाला वा पू वाहू लागला तर घरगुती उपायांत एक दिवसही दवडू नये. बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे. क्रेडे यांच्या काळी या टप्प्यावर डॉक्टरच्या हाती फारसे काही नसे. आज प्रतिजैविकांनी डोळा वाचविता येतो, पण तो वेळेत डॉक्टरसमोर आला तरच.

प्रकृती खालावल्याने क्रेडे १८८७ मध्ये निवृत्त झाले आणि १४ मार्च १८९२ रोजी लाइपझिग येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या थेंबाने किती जणांची दृष्टी वाचली याची मोजदाद होऊ शकत नाही, आणि ज्यांची वाचली त्यांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. प्रतिबंधाच्या कार्याची हीच अडचण आहे. शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळालेला रुग्ण डॉक्टरचे नाव जन्मभर घेतो. ज्याची दृष्टी गेलीच नाही तो कोणाचे नाव घेणार? अंदाजपत्रकात काटकसर करण्याची वेळ आली की लसीकरण, गर्भवतींची तपासणी, सुईणी व परिचारिकांचे प्रशिक्षण या बाबींवर कात्री प्रथम चालते, याचे कारणही हेच आहे. त्यांचा लाभार्थी गाऱ्हाणे घेऊन दारात येत नाही. क्रेडे यांनी तो लाभार्थी नोंदवहीतील आकड्यांत पाहिला. आरोग्यावरील खर्च ठरविणाऱ्यांनीही त्याला तेथेच शोधले पाहिजे.