उघड्या मोटारींना कमान देणारे मिकेलोत्ती

ओझर : प्रतिनिधी

साठच्या दशकात मोटार घेऊ पाहणाऱ्या भारतीय कुटुंबापुढे मोजून तीन नावे असत : अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड. पहिल्या दोघींच्या तुलनेत हेराल्ड नाजूक, कोनदार आणि काहीशी नखरेल. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती येथे बांधली. ज्यांच्या घरी ती होती, ते आजही तिच्याविषयी बोलताना हळवे होतात. मात्र तिचा आकार कागदावर उतरवणारे जोव्हानी मिकेलोत्ती हे नाव तिच्या मालकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. युरोपातील मोटारप्रेमींच्या वर्तुळात या इटालियन रेखाटनकाराला मोठा मान आहे. आपल्याकडे ते आले ते निनावी.

मिकेलोत्ती यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९२१ रोजी इटलीतील तुरीन येथे झाला. मोटारींची शरीरे घडवणाऱ्या कारागिरांचे ते शहर. तेथील स्टॅबिलिमेंती फारिना या नामांकित कार्यशाळेत ते शाळकरी वयातच उमेदवार म्हणून दाखल झाले. पत्रा ठोकणारे, लाकडी साचे करणारे आणि रेखाटणारे असे सारे एकाच छपराखाली काम करीत असल्याने कागदावरची रेषा पत्र्यात उतरताना कोठे अडते, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे तर कामातून जाणून घेतले. १९४९ साली त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. मोटारीच्या अंगावर बिल्ला लागे तो ती बांधणाऱ्या व्हिन्याले, गिया किंवा अलेमानो यांचा. आकार मिकेलोत्ती यांचा असला तरी त्यांची सही क्वचितच कोठे दिसे. फेरारीच्या सुरुवातीच्या कित्येक गाड्या, मासेराती, लान्चिया, फ्रान्सची अल्पाइन, जर्मनीची बीएमडब्ल्यू ७०० आणि जपानमधील हिनो कंपनीची कोन्तेसा एवढी नावे घेतली तरी त्यांचा पसारा ध्यानात यावा. त्यांच्या खात्यावर हजाराहून अधिक रचना जमा आहेत.

त्यांच्या आयुष्याला वळण लावले ते इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने. कंपनीला नवी छोटी गाडी हवी होती, पण तिला शरीरे पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेला होता. एकसंध शरीर बाहेरून बनवून घेणे अशक्य झाल्याने स्वतंत्र चौकटीवर निरनिराळे भाग बोल्टने जोडून गाडी उभी करण्याचे ठरले. तांत्रिक विभागप्रमुख हॅरी वेब्स्टर यांनी हे कोडे मिकेलोत्ती यांच्यापुढे ठेवले आणि त्यातून १९५९ साली हेराल्ड जन्माला आली. तिचे छप्पर बोल्टने बसवलेले होते. ते उतरवले की खाली तीच गाडी उघडी उभी राहत असे. चौकट मजबूत असल्याने छप्पर गेल्याने फारसे बिघडत नव्हते. याच चौकटीची आखूड आवृत्ती घेऊन मिकेलोत्ती यांनी स्पिटफायर ही दोन आसनी उघडी गाडी आखली. पैशाअभावी तिचा नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात आच्छादनाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँड कंपनीने ट्रायम्फ ताब्यात घेतली (आपल्याकडील मालमोटारींवर अशोकच्या जोडीला आलेले लेलँड तेच). नव्या मालकांच्या अधिकाऱ्यांची नजर त्या आच्छादनाकडे गेली आणि १९६२ साली स्पिटफायर रस्त्यावर आली. पुढे अशा तीन लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

येथे एका प्रश्नाकडे वळायला हवे, कारण मिकेलोत्ती यांच्या कारकिर्दीतील सर्वांत विचारप्रवर्तक काम त्याच्याशी निगडित आहे. उघडी गाडी उलटली तर आतल्या माणसाचे काय? छप्पर नाही, समोरच्या काचेची चौकट बारीक आणि बसणाऱ्याचे डोके हा गाडीतील जवळपास सर्वांत उंच बिंदू. शर्यतींच्या जगाने यावर काढलेला उपाय म्हणजे रोल बार, अर्थात आसनांमागे उभारलेली, डोक्याहून उंच पोलादी कमान. फॉर्म्युला वन शर्यतींत ती १९६१ पासून सक्तीची झाली. रस्त्यावरच्या गाड्यांत मात्र ती सौंदर्याला बाधक मानली जाई.

कमान उभारणे हे अर्धेच काम. तिचे पाय कोठे रोवायचे, हा खरा प्रश्न. ओझरकरांना तो समजावून सांगण्याची गरज नसावी. १९६४ मध्ये येथे मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या गावातील घराघरांत विमानाच्या सांगाड्याची भाषा पोहोचली आहे. विमानाचा भार त्याची पातळ त्वचा आणि आतल्या पट्ट्या मिळून पेलतात. त्या त्वचेला वैमानिकासाठी वा दारासाठी जेथे मोकळी जागा ठेवावी लागते, तेथे कडेने जाड चौकट द्यावी लागते. नाहीतर भार जाण्याची वाट तुटते. मोटारीचेही तसेच. कमानीचा पाय नुसत्या जमिनीच्या पत्र्यावर दोन भोके पाडून कसला, तर गाडी उलटताच तो पत्रा फाडून खाली घुसतो आणि कमान कितीही जाड असली तरी आडवी होते. म्हणून तिचे पाय चाकांवरची कमानदार घडी, बाजूची पेटीसारखी तुळई अशा भक्कम भागांवर टेकवतात, पत्र्याच्या खालून जाड पट्टी देऊन भार पसरवतात आणि मागच्या बाजूने तिरके आधार जोडतात. कारखान्यानेच गाडी आखताना या जागा मजबूत करून ठेवल्या असतील, तर काम सोपे आणि भरवशाचे होते. नंतर कोणी गॅरेजमध्ये भोके पाडली, तर भार कोणत्या वाटेने जाईल हे सांगता येत नाही. त्यातून गाडी पन्नास वर्षांची, तळाशी गंज धरलेली असेल, तर बोलायलाच नको.

मिकेलोत्ती यांच्या कामात या विचाराची चाहूल प्रथम लागते ती १९६१ च्या ट्रायम्फ टीआर-४ या गाडीत. तिच्यासाठी त्यांनी कडक छपराचा एक पर्याय दिला. त्यात मागची काच ॲल्युमिनियमच्या ओतीव चौकटीत बसवून ती चौकट आसनांमागे गाडीच्या अंगाला बोल्टने कायमची जोडलेली असे. डोक्यावरचा पत्रा तेवढा काढता येई. तो ठेवायला गाडीत जागा नसल्याने घरीच ठेवून निघावे लागे आणि पावसासाठी सोबत कापडी आच्छादन घ्यावे लागे. ही चौकट उलटण्यापासून बचाव करण्यासाठी आखलेली नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवे. परंतु छप्पर गेले तरी मागे काही तरी ठाम उभे राहते, ही कल्पना तिच्यात होती. पोर्शने १९६५ मध्ये टार्गा ही गाडी सादर केली, तेव्हा तिच्या रुंद पोलादी कमानीची जाहिरात सुरक्षेच्या नावानेच झाली. त्या कल्पनेचे सारे श्रेय टीआर-४ ला देणारे काही चाहते आहेत. तेवढे देणे अतिशयोक्तीचे ठरेल.

खरी कसोटी लागली ती स्टॅगमध्ये. मिकेलोत्ती यांनी ट्रायम्फकडून २००० या चारदारी गाडीचा एक जुना नमुना मागून घेतला. प्रदर्शनासाठी त्याची एक उघडी गाडी करावी, एवढाच त्यांचा हेतू होता. १९६६ मध्ये वेब्स्टर यांनी ती पाहिली आणि ती प्रदर्शनात न नेता कंपनीसाठीच घेतली. अडचण नंतर उद्भवली. हेराल्डला स्वतंत्र चौकट होती. २००० चे शरीर मात्र एकसंध, छपरासकट भार पेलणारे. छप्पर कापताच गाडीत पीळ पडू लागला आणि खराब रस्त्यावर समोरची काच व डॅशबोर्ड थरथरू लागले. त्याच सुमारास अमेरिकेत सुरक्षेचे नियम कडक होत होते आणि उघड्या गाड्यांवर बंदी येईल अशी धास्ती सर्वच कारखानदारांना वाटत होती. या दोन्ही अडचणींवर एकच उत्तर देण्यात आले : दोन्ही दारांमागील खांब जोडणारी कमान आणि तिच्या मध्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत गेलेला दांडा. वरून पाहिल्यास आकार इंग्रजी टी अक्षराचा. ही कमान वरून आणून लावलेली नव्हती. तिचे पाय गाडीच्या शरीरातच मुरलेले होते. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. उघड्या गाडीच्या डोक्यावर तुळई कशाला, असा त्यांचा सवाल होता. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते मात्र स्टॅगचा चेहरा लक्षात राहतो तो त्या कमानीमुळेच.

१९७० मध्ये बाजारात आलेली स्टॅग फसली, पण तिचा दोष कमानीकडे जात नाही. तीन लिटरचे नवे आठ सिलिंडरी इंजिन वारंवार तापे आणि त्याची ॲल्युमिनियमची हेड वाकत. १९७७ पर्यंत जेमतेम २६ हजार गाड्या निघाल्या आणि उत्पादन थांबले. अमेरिकेतील बंदीही अखेर आली नाही. छपराच्या मजबुतीच्या नियमातून उघड्या गाड्यांना सूट मिळाली. ज्या भीतीने कमानीला बळ दिले, ती भीती अशी विरून गेली.

स्पिटफायरला मात्र अशी कमान कारखान्यातून कधीच मिळाली नाही. तिच्या आजच्या मालकांपुढे म्हणूनच पेच आहे. मूळ गाडीला भोके पाडावीत, तर तिचे जुनेपण डागाळते. न पाडावीत, तर डोक्यावर केवळ आभाळ. बसवायचीच झाली तर आसनपट्टा आणि कमानीवर जाड मऊ आवरण ही दोन्ही पथ्ये पाळावी लागतात. शर्यतीत शिरस्त्राण असते. रस्त्यावर उघडे डोके त्याच नळीवर आपटले, तर रक्षण करणारी वस्तूच घातक ठरते. नाशिक परिसरातील रॅलींमध्ये धावलेल्या गाड्यांत जो पोलादी पिंजरा दिसतो, तो याच कुळातला. फरक इतकाच, की तेथे चालक शिरस्त्राण घालून, पट्ट्यांनी जखडून बसतो.

मिकेलोत्ती अखेरपर्यंत रेखाटत राहिले. मोटारींखेरीज ब्रिटनमधील लेलँड नॅशनल या बसच्या आकारातही त्यांचा हात होता. कर्करोगाने २३ जानेवारी १९८० रोजी तुरीन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५८ वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेवटची स्पिटफायर कारखान्यातून बाहेर पडली.